सिद्राममामा आणि पहिले सहा भाग

'सातवी परिक्रमा' या मालिकेचे पहिले सहा भाग तेवढे बघण्यासारखे आहेत आणि सातव्यापासून पुढे नुसतं पाणी घातलेलं ताक आहे, हे मत माझं नाही. ते सिद्राममामांचं आहे. मी ते इतक्या लोकांना ऐकवलंय की आता घरचे ते माझंच समजतात. गेल्या आठवड्यात मालिकेचा तिसरा सीझन आला, मोबाइलवर तशी सूचना झळकली, आणि वाटलं, मामा असते तर पहिला प्रश्न विचारला असता, "आक्का, त्यात काम करनारं कोन हाय का, का नुसतं बसून बोलत्यात?" मामा वारले त्याला वर्ष होत आलं. तिसरा सीझन मी अजून उघडलेला नाही.

आमचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या एमआयडीसीत. मी तिथे कॉम्प्युटरवर टॉवेलची डिझाइनं करते. मामा जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे मिस्त्री. मूळ मैंदर्गीचे, राहायला कुंभारीला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, मागच्या खिशात पाना, आणि शर्टाच्या वरच्या खिशात कापसाचा एक बोळा. तो कशासाठी हे मी कधी विचारलं नाही. बोलणं मराठीत, हिशेब कानडीत, आणि राग आला तर दोन्ही बंद. रागावलेले मामा पान्याने मागाच्या चौकटीवर एक टोला मारायचे आणि निघून जायचे. त्या टोल्याला आमच्याकडे मेमोपेक्षा जास्त किंमत होती.

मागाच्या शेडमध्ये कधी गेला नसाल तर तिथला आवाज सांगून समजायचा नाही. शेजारचा माणूस कानात ओरडला तरी फक्त त्याचा श्वास लागतो. त्यामुळे तिथली माणसं तोंडाने बोलतच नाहीत, ओठ आणि हात वाचतात. मराठी, कानडी, तेलुगू, सगळं ओठांवरून. आणि काही खुणा ठरलेल्या. सगळ्यात पक्की खूण म्हणजे वर केलेला पंजा. पंजा वर याचा अर्थ, थांब, माझा हात मागाच्या आत आहे. तो खाली येईपर्यंत कोणीही माग सुरू करायचं हँडल ओढायचं नाही. नवा कामगार आला की त्याला हजेरी कशी लावायची हे नंतर सांगतात, पंजा आधी शिकवतात.

मामांची दुरुस्तीची तऱ्हा वेगळी होती. बाकीचे जॉबर मागाजवळ कान नेऊन आवाज ऐकतात. मामा चौकटीवर तळवा ठेवून डोळे मिटायचे. मिनिटभराने म्हणायचे, "उजव्या अंगाचा नट ढिला हाय," आणि तो ढिला निघायचा. लोकांना यात काहीतरी दैवी वाटायचं. मलाही वाटायचं, खोटं कशाला बोला.

मालिका सुरू झाली ती माझ्यामुळे. अवकाश, याने, परग्रह यांचं मला शाळेपासून वेड. दुपारच्या सुट्टीत मी मोबाइल डब्याला टेकवून ठेवायचे आणि कडक भाकरी मोडत बघायचे. शेजारी रेणुका बसायची. चौदा नंबरचा माग चालवणारी, पंचविशीची, सतत काहीतरी विचारणारी पोरगी. एके दिवशी मामा आपला डबा घेऊन आले आणि बरोबर समोर, मोबाइलच्या नाकासमोर, ठाण मांडून बसले. "काय चाललंय ह्ये?" म्हणाले. तेव्हापासून ती जागा त्यांची झाली.

मालिका परदेशी, हिंदीत डब केलेली. एक यान एका कोरड्या ग्रहावरच्या वस्तीला पाणी घेऊन निघालंय. यानावर अकरा माणसं. वाटेत पाण्याची टाकी गळायला लागते. एवढीच गोष्ट. पुण्यातल्या माझ्या बहिणीला ती कंटाळवाणी वाटली. आमच्याकडे चार-पाच दिवसांनी एकदा नळाला पाणी येतं, आम्हाला ती पहिल्या मिनिटाला कळली. टाकीचा काटा खाली गेला की रेणुकाच्या हातातला घास थांबायचा.

मामांची मतं पहिल्या भागापासूनच ठाम. पहिल्या भागात पाऊण तास एक पंप दुरुस्त करतात, दुसरं काही घडत नाही. मला वाटलं, मामा उठून जातील. मामा म्हणाले, "ह्यो खरा भाग. कोन कुनावर वरडत न्हाय. मशीन बिगडलंय, मानसं कामाला लागल्यात. घर असंच असतंय."

दुसऱ्या भागात यानावरची डॉक्टरीण हात धुते आणि नळ तसाच चालू ठेवून वळून बोलत राहते. सगळे तिचं बोलणं ऐकत होते. मामांनी डोळे मिटून घेतले. "ही बाई धरनाच्या कडंला वाडलीया. हिला ह्या गाडीवर कुनी घेतलं?" पुढे तिने तीन माणसांचे जीव वाचवले, पण मामांनी तिला कधी माफ केलं नाही. ती दिसली की म्हणायचे, "आली नळवाली."

वाद झाला तो तिसऱ्या भागावरून. टाकीची झडप कोणाच्या तरी चुकीने तुटते. संशय एका तरुण तंत्रज्ञ पोरीवर जातो. तिला कामावरून बाजूला करतात. तेव्हा कॅप्टन सगळ्यांसमोर उभा राहून बोलतो की, माझ्या माणसाची चूक ती माझी चूक, हिला दोष देऊ नका. काय बोलतो तो! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रेणुकाने पदराने नाक पुसलं. मामा शेंगाचटणीत भाकरी बुडवत म्हणाले, "झडप त्यानंच मोडलीया."

"मामा, काहीतरीच काय! तो तिची बाजू घेतोय की."

"तोंड बगू नका. हात बगा. डावा हात पाटीमागं हाय. बोटं दुसऱ्या हाताचं मनगट धरत्यात, सोडत्यात. आमच्या शेडात ज्याच्या हातनं सूत तुटतंय, त्यो असाच उबा ऱ्हातोय."

आम्ही सगळे हसलो. रेणुका म्हणाली, "मामांना माणूस दिसतच न्हाय, नुसते हातच दिसत्यात." मामाही हसले आणि डबा धुवायला गेले. एवढं सुंदर भाषण वाया गेलेलं बघून माझा मात्र जीव हळहळला. वाटलं, कँटीनच्या गोंगाटात त्यांना नीट ऐकू आलं नसेल. त्या रविवारी नवी पेठेत गेले होते, तिथून एक बऱ्यापैकी इअरफोन घेतला. मामांच्या मोबाइलवर माझं खातं उघडून दिलं आणि म्हटलं, तिसरा भाग घरी जाऊन नीट ऐका.

दुसऱ्या दिवशी सुट्टीच्या थोडं आधी मी गोदामाकडे चालले होते. मामा लिंबाखाली एकटेच बसले होते. मोबाइल पुढ्यात, दोन्ही कानांत मी दिलेले इअरफोन, आणि चेहऱ्यावर इतकं समाधान की मला माझंच कौतुक वाटलं. ते मधेच हसले, मान डोलावली. मी जवळ गेले. इअरफोनच्या वायरीचं टोक मोबाइलला जोडलेलंच नव्हतं. ते शर्टाच्या तिसऱ्या बटणापाशी लोंबत होतं. मोबाइलचा आवाजही बंद होता.

मी समोर जाऊन उभी राहिले. मामांनी माझ्याकडे बघितलं, मग माझी नजर कुठे आहे ते बघितलं, मग वायरीचं टोक हातात घेतलं. ते टोक बोटांत फिरवलं.

"आट वर्सं झाली," म्हणाले. "आदी बारीक आवाज गेला. मग मोटा. आता निस्ता दनका कळतोय, हाताला."

मी विचारलं, मग मालिका कशी कळते? तर म्हणाले, मराठी माणसाचं बोलणं ओठांवरून कळतं, पण "ह्यांचं ओट येगळंच चालत्यात, काय बी लागत न्हाय. म्हनून हात बगतोय." पुढे सातव्या भागापासून मामा नाक मुरडायला लागले, तेव्हा पहिले सहा भाग का चांगले आणि पुढचे का वाईट याचा उलगडा मला या बोलण्यावरूनच झाला. पहिल्या सहा भागांत माणसं काम करतात. सातव्यापासून टेबलाभोवती बसून बोलतात. मी वर्षानुवर्षं समीक्षा वाचत आले, पण 'यात हात कमी झालेत' इतकं साधं कारण कोणी दिलं नव्हतं. ते कारण बरोबरही होतं.

"आक्का, कुनाला सांगू नका," मामा म्हणाले. "जॉबरला ऐकू येत न्हाय म्हनल्यावर कोन माग हातात दील? माझं हात चालत्यात की अजून."

मी कोणाला सांगितलं नाही. हात चालत होते हे मी रोज बघत होते. आणि खरं सांगायचं तर, एका कसबी माणसाचं गुपित आपल्याकडे आहे याचा मला अभिमानच वाटायला लागला होता.

नवव्या भागात कॅप्टनने कबुली दिली. झडप त्याच्याच हातून तुटली होती. सगळं कँटीन मामांकडे वळलं. कोणीतरी त्यांच्या पाया पडण्याचं नाटक केलं. तोवर कॅप्टनने यान वाचवलेलं होतं, स्वतः जखमी झालेला होता, रडत होता. आम्ही त्याला तिथल्या तिथे माफ केलं. मामांनी नाही केलं. म्हणाले, "चूक हुती मानसाच्या हातनं. त्येला काय न्हाय. पर सा भाग ती पोरगी बाजूला उबी हुती आन् ह्यो भाषान करीत हुता. आता रडून काय उपेग?"

यानंतर पंधरा-वीस दिवसांनी जे झालं ते मालिकेशी इतकं जुळतं की लिहिताना मला संकोच वाटतो. पण झालं ते असंच झालं.

त्या दिवशी शेडमधले सगळेच माग बंद होते. नवीन सूत चढवायचं होतं. शेडमध्ये कधी नसते अशी शांतता होती, पंख्याचीसुद्धा घरघर कळत होती. मी रेणुकाच्या मागावर नमुना बघायला आले होते. मामांनी तो माग नुकताच दुरुस्त केला होता आणि हँडलपाशी उभे होते. रेणुका पलीकडच्या बाजूला वाकून तुटलेलं सूत जोडत होती. तिचा उजवा हात आत होता. एरवी तिने डावा पंजा वर केला असता. पण शांतता होती, तेव्हा तिने आपलं तोंडानेच सांगितलं, "मामा थांबा, हात आत हाय माझा."

मी ते स्पष्ट ऐकलं. मामांनी पलीकडे बघितलं, पंजा दिसला नाही, आणि हँडल ओढलं.

दोन बोटं चेचली. मामांनीच माग बंद केला, मामांनीच तिला उचलून गाडीत घातलं. दवाखान्यातून निरोप आला की बोटं राहतील, पण पूर्वीसारखी वाकतील का ते सांगता येत नाही. संध्याकाळी धाकट्या मालकांनी सगळ्यांना विचारलं, पंजा वर होता का? सगळे म्हणाले, नव्हता. मला विचारलं. मी म्हटलं, नव्हता. ते खरं होतं, आणि मी आयुष्यात बोललेल्या कुठल्याही खोट्यापेक्षा वाईट होतं. दवाखान्यात पडलेली रेणुकाही म्हणत होती, "माझीच चूक. नेम मोडला मी." नेम मोडणाऱ्याला आमच्याकडे माग देत नाहीत. चौदा नंबरला दुसरी बाई बघायला सांगा, असं मालक मुकादमाला म्हणाले ते मी ऐकलं.

रात्रभर मी स्वतःशी भांडले. सांगितलं तर मामांचं काम जाईल, नाही सांगितलं तर रेणुकाचं. सकाळी मामा गेटवरच माझी वाट बघत उभे होते.

"आक्का, तुमी तितं हुता. ती वरडली हुती का?"

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. माझे हात ओढणीचं टोक पिळत होते.

"व्हय का न्हाय, एवडंच सांगा."

"व्हय," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मागच्या खिशातला पाना काढला, रुमालाने पुसला आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. दार उघडंच होतं. मी काचेच्या अलीकडे उभी राहिले.

"मालक, रेणुकाची चूक न्हाय," मामा म्हणाले.

मालक म्हणाले, "मामा, तुम्ही नियमाने बरोबर आहात. पंजा वर नव्हता."

"नेम आवाजासाटी हाय, मालक. काल आवाज नव्हता. शांततेत मानूस तोंडानंच सांगनार की. ती वरडली. मला ऐकू आलं न्हाय. आट वर्सं येत न्हाय." आणि त्यांनी पाना टेबलावर ठेवला.

मालकांनी पाना बाजूला सरकवला. मग त्यांनी विचारलं, हे आणखी कोणाला माहीत होतं? मामा म्हणाले, "कुनालाच न्हाय."

मी काचेच्या अलीकडेच राहिले. आत गेले नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

मालक वाईट माणूस नव्हते. रेणुकाचा दवाखाना कारखान्याने केला, तिचा माग तिला राहिला. मामांना टॉवेलच्या घड्या घालायच्या खात्यात पाठवलं. ज्याच्या तळव्याखाली माग बोलायचे तो माणूस दोन वर्षं टॉवेलचं टोक टोकाला जुळवत बसला. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का? "वाटतंय की," म्हणाले. "पर हितं कुनाचं बोट जात न्हाय."

रेणुका परत कामावर आली त्या दिवशी मामा दुपारी कँटीनमध्ये आपल्या जागी बसले नाहीत. दाराशी उभे राहिले. रेणुकानेच त्यांचा डबा उचलला, मोबाइलसमोर ठेवला आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "मामा, पैला भाग लावलाय. पंपाचा. बसा." मामा बसले. त्या दिवशी मोबाइलचा आवाज तिनेच बंद केला होता. आम्ही सगळ्यांनी पाऊण तास न बोलता पंपाची दुरुस्ती बघितली. भाग खरंच चांगला आहे.

दोन वर्षांनी घड्यांचंही काम सुटल्यावर मामांनी मैंदर्गीला भावाकडे जायचं ठरवलं. जायच्या आधी भेटावं म्हणून मी आणि रेणुका कुंभारीला गेलो. लेकीने त्यांना कानाचं मशीन आणून दिलं होतं. मामा त्या मशीनवर चिडलेले. "पंका एवडा वाजतोय ह्ये कुनी सांगटलं न्हाय मला. आन् भांडी! बायको भांडी घासती का फोडती?" आतून मामी म्हणाल्या, "धा वर्सं मी काय बोलत हुते त्ये न्हाय ऐकलं, आता भांडी ऐकत्यात." सगळे हसलो. मामाही हसले. मामींचं बोलणं त्यांना पाठमोरं ऐकू आलं होतं.

चहा झाल्यावर मामा म्हणाले, "आक्का, तिसरा भाग ऐकला मी." बघितला नव्हे, ऐकला म्हणाले.

"मग?"

"लई ग्वाड बोलतोय की त्यो. आता कळलं, तुमी का रडला. मला तवा ऐकू आलं असतं तर मी बी त्येच्याच बाजूनं झालो असतो." मग त्यांनी रिकामा कप बाजूला सरकवला. "त्येला लई शिव्या दिल्या मी. त्यो सा भाग गप ऱ्हायला. मी आट वर्सं."

रेणुका म्हणाली, "तुमी दुसऱ्याच दिवशी सांगटलं की, मामा."

"बोट मोडल्यावर," मामा म्हणाले.

 रेणुकाने आपला उजवा हात मांडीवरून उचलून त्यांच्या हातावर ठेवला. तिची दोन बोटं अजून पुरती मिटत नाहीत. मामांनी ती हळूच चाचपून बघितली, मागाची चौकट चाचपावी तशी, आणि डोळे मिटले. मला बघवेना, म्हणून मी मामींना मदत करायला आत गेले.

निघालो तेव्हा मामा दारापर्यंत आले. मशीन काढून त्यांनी खिशात, त्या कापसाच्या बोळ्याशेजारी ठेवलं होतं. "रस्त्याचा लई तरास हुतोय," म्हणाले. आम्ही रस्ता ओलांडून रिक्षात बसलो. रेणुकाने रिक्षातून बाहेर वाकून निरोपाचा हात वर केला, दोन बोटं किंचित ताठ असलेला पंजा. मामा आत जायला वळत होते, ते थांबले. हात अर्धवट वर, एक पाय उंबऱ्यावर, तसेच थांबले. मला आधी कळलं नाही. रेणुकाला कळलं. रिक्षा वळेपर्यंत तिने पंजा खाली घेतला नाही, आणि मामा जागचे हलले नाहीत.